रागाचे नियमन आणि नेतृत्व : महाड १९२७ चा एक अभ्यास

व्यक्तिमत्त्व विकासावरील कोणतेही पुस्तक उघडावे, त्यात रागावर ताबा कसा मिळवावा हे प्रकरण असतेच. आपल्या ग्रंथालयात अशा पुस्तकांचे एक स्वतंत्र कपाट आहे. मानसशास्त्राच्या प्रकल्पाच्या निमित्ताने त्यातील काही पुस्तके मी वाचली. दहापर्यंत आकडे मोजा, दीर्घ श्वास घ्या, पेलाभर थंड पाणी प्या, असा उपदेश बहुतेकांत आढळतो. उपदेश वाईट नाही. वसतिगृहाच्या खाणावळीत पोळी कच्ची निघाली तर तो उपयोगीही पडेल. परंतु ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणीच पिऊ दिले गेले नाही, त्याला थंड पाणी पिऊन शांत व्हा असे सांगावयाचे कसे? हा प्रश्न मनात आला आणि मी महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास पुन्हा वाचावयास घेतला. प्रस्तुत लेख त्या वाचनातून तयार झाला आहे.

आपल्या परंपरेने क्रोधाला षड्रिपूंत बसवून शत्रू ठरविले आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची सारी उतरंड सांगितली आहे. याउलट ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने रागाला सरसकट दोषी धरले नाही. योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य प्रमाणात आणि योग्य कारणासाठी रागावणे हे सद्‌गुणाचे लक्षण आहे व ते कठीण आहे, असे त्याचे म्हणणे. अलीकडे, म्हणजे १९९० मध्ये, पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना मांडली, आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोहोचविली. त्या पुस्तकाचा प्रारंभही ॲरिस्टॉटलच्या याच विचाराने होतो. म्हणजे विचार जुनाच, फक्त वेष्टन नवे. माझ्या मते या विचाराची खरी परीक्षा एखाद्या कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात होत नाही. ज्याचा राग शंभर टक्के न्याय्य आहे, ज्याच्या हाताशी तो व्यक्त करण्याचे बळही आहे, आणि ज्याच्या एका शब्दावर हजारोंचे बरेवाईट अवलंबून आहे, अशा माणसाजवळ ती होते. २० मार्च १९२७ च्या दुपारी महाडच्या सरकारी बंगल्यात डॉ. भीमराव आंबेडकर नेमक्या याच स्थितीत होते.

त्या दुपारकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करवून घेतला की, सरकारी पैशातून बांधलेली वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तदनुसार चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले. तळ्यावर मात्र काहीच झाले नाही. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्याचे पाणी नेऊ शकत होते, गुरेढोरे पीत होती, आणि ठराव होऊन तीन वर्षे उलटली तरी एकाही अस्पृश्य माणसाची ओंजळ त्यात बुडाली नव्हती.

पाण्याचा हा प्रश्न आंबेडकरांना पुस्तकातून कळलेला नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या इंग्रजी टिपणांत १९०१ सालची एक हकीकत आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजांची म्हणून नोकरीला होते. तेथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. भावंडांसह लहानगा भीमराव त्यांना भेटावयास निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. बरोबर भरपूर खाणे होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशीच झोपली. वडील दुष्काळग्रस्तांसाठी खोदल्या जाणाऱ्या तलावाचा हिशेब ठेवीत होते आणि मुले त्याच तालुक्याच्या वाटेवर तहानलेली होती. मला या टिपणांत सर्वांत लक्षणीय वाटली ती त्यांची भाषा. पुढे बडोद्यास पारशी खानावळीतून हाकलले गेल्याचा प्रसंगही त्यांत आहे. कोलंबियात शिकून आलेला हा तरुण गाडीची वेळ होईपर्यंत तेथील सार्वजनिक बागेत तासन्‌तास बसून राहिला, आणि त्याला रडू आले. पण ते सांगताना लेखक एकही विशेषण वाया घालवीत नाही. काठ्या घेतलेली माणसे किती होती, भाडे किती होते, गाडी किती वाजता होती, हेच तो सांगतो. राग या माणसाने तपशिलात साठविला होता, असे म्हणावयास हरकत नाही. साठविलेला राग आणि दाबलेला राग यांत फरक आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (हा जिल्हा आता रायगड म्हणून ओळखला जातो.) परिषदेसाठी जे पाणी लागले ते विकत घ्यावे लागले होते. पहिल्या दिवशीच्या अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी श्रोत्यांना, मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, मुलांना शिकवा, असे बजावले. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी सर्वांनी आत्ताच तळ्यावर जाऊन पाणी घ्यावे अशी सूचना केली. चौघाचौघांच्या रांगा करून मिरवणूक शिस्तीने बाजारपेठेतून तळ्यावर गेली. आंबेडकरांनी प्रथम ओंजळभर पाणी घेतले, मग इतरांनी. आणि सर्व मंडळी तशीच परत मंडपात आली. गडबड, गोंधळ काही नाही.

पुढील दोन तासांत गावात अफवा उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. परिषद संपली होती. काहीजण जेवत होते, काही गावी निघण्याच्या तयारीत होते, काही बाजारात होते. जेवणाऱ्यांच्या अन्नात माती मिसळली गेली, भांडी फोडली गेली, पुरुषांबरोबर बायका-मुलांनाही मार बसला. कित्येकांना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. पोलिस येऊन काय चालले आहे ते सांगेपर्यंत आंबेडकर सरकारी बंगल्यात होते. ते मोजक्या सहकाऱ्यांनिशी बाहेर पडले. वाटेत जमाव भेटला, त्याला त्यांनी देवळात जाण्याचा कोणताही बेत नसल्याचे समोरासमोर सांगितले, आणि मंडपाची अवस्था पाहून ते परतले.

इकडे बंगल्यापाशी त्यांचीच माणसे जमली होती. कोकणातील महार समाजात सैन्यात नोकरी केलेली माणसे पुष्कळ. लढाई म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते, संख्याही कमी नव्हती, आणि बायका-मुलांना मार बसलेला होता. ती केवळ एका शब्दाची वाट पाहत होती. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे की, अधिकाऱ्यांनी जमावाला आवरण्याविषयी म्हणताच आंबेडकरांनी, तुम्ही त्यांना आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो, अशा अर्थाचे उत्तर दिले. आणि त्यांनी आवरले. प्रतिहल्ला झाला नाही. सुमारे वीस माणसे गंभीर जखमी झाली होती.

या प्रसंगाचा अर्थ लावताना 'संयम' हा एकच शब्द वापरून थांबण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९० नंतर भावनांच्या नियमनावर जे संशोधन केले, त्यात एक भेद दाखविला आहे. भावना उसळून आल्यावर ती चेहऱ्यावर दिसू न देणे, म्हणजे दमन, ही एक रीत. भावना पुरती उसळण्यापूर्वीच प्रसंगाचा अर्थ वेगळ्या रीतीने लावणे, ही दुसरी. दमनाने चेहरा शांत दिसतो, पण शरीरातील खळबळ कमी होत नाही, उलट स्मरणशक्तीवर ताण पडतो. दुसऱ्या रीतीत ती किंमत मोजावी लागत नाही. आंबेडकरांनी त्या दुपारी दमन केले असते, तर पुढच्या काही दिवसांत जे काम त्यांनी उरकले ते त्यांच्या हातून झाले नसते असे मला वाटते. त्यांनी प्रसंगाचा अर्थच बदलला. हल्लेखोरांच्या दृष्टीने ती मारामारी होती, आणि मारामारीत एक बाजू जिंकते, दुसरी हरते. आंबेडकरांच्या दृष्टीने तो पुरावा होता. सकाळी शांतपणे, ठरावाने दिलेला हक्क बजावून माणसे परत आली आणि नंतर निःशस्त्र अवस्थेत त्यांना मारले गेले, हे चित्र स्वच्छ राहणे आवश्यक होते. एकाही हल्लेखोराचे डोके फुटले असते तरी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत 'दोन जमातींत दंगल' एवढेच उरले असते. बॅरिस्टरची नजर ती हीच. आपल्या व्यक्तिमत्त्वातील कोणते बळ केव्हा पुढे करावे आणि कोणते मागे ठेवावे याची निवड त्या बंगल्यात काही मिनिटांत झाली. लाठीचे बळ जवळ असताना ते मागे ठेवले गेले, आणि कायद्याचे व लेखणीचे पुढे आले.

आणि ते लगेच आले, हे फार महत्त्वाचे. हल्लेखोरांवर खटला उभा राहिला आणि जून महिन्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. घटनेला पंधरा दिवस होण्याच्या आतच, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाचा पहिला अंक बाहेर पडला. महाडमध्ये दरम्यान तळे 'शुद्ध' करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले एकशे आठ घडे पाणी मंत्रघोषात तळ्यात ओतले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला. प्रत्येक घटनेला 'बहिष्कृत भारता'त उत्तर मिळत होते, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला जाऊन सत्याग्रह करावयाचा हे ठरले होते. अनुयायांना 'थांबा' म्हणणाऱ्या नेत्याजवळ थांबून पुढे काय करावयाचे याचा कार्यक्रम असावा लागतो. नाहीतर थांबणे ही शरणागतीच होय. आपल्याकडे 'जरा धीर धरा' म्हणणारे पुढारी पुष्कळ, पण धीर कोणत्या तारखेपर्यंत धरावयाचा हे सांगणारे थोडे.

याच गोष्टीचे एक अगदी लहान प्रतिबिंब मी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पाहिले. ओढ्यावर वनराई बंधारा घालावयाचा होता. रिकामी पोती देण्याचे ज्यांनी कबूल केले होते त्यांनी दोन दिवस ती दिली नाहीत. मुले संतापली. एकजण तर सर्वांना घेऊन त्यांच्या दारात जाण्याच्या गोष्टी करू लागला. आमच्या गटप्रमुख ताईने त्याला उपदेश केला नाही. ती म्हणाली, "राग तुलाच जास्त आलाय ना? मग पोती आणायचं काम तुझं. घरोघर जा, सिमेंटची, खताची, असतील ती माग." संध्याकाळपर्यंत पोत्यांचा ढीग झाला. राग नाहीसा झाला असे नव्हे, रात्री शेकोटीपाशी त्याने पुन्हा पोटभर शिव्या घातल्याच. पण बंधारा झाला. महाडशी याची तुलना करण्याचा अर्थातच हेतू नाही. तिथे प्राणाशी गाठ होती, इथे पोत्यांशी. फक्त रागाला काम देण्याची रीत तीच होती.

नेतृत्व म्हटले की आपण एकाच माणसाचे चित्र डोळ्यांसमोर आणतो. महाडचा इतिहास वाचताना तसे राहत नाही. परिषद महाडला घ्यावी म्हणून खटपट करणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे जवळच्या लाडवली गावचे तरुण, वय अवघे चोवीस. म्हणजे आपल्या पदव्युत्तर वर्गातील मुलांएवढे! त्यांचे बळ गावोगाव हिंडण्यात व माणसे जोडण्यात. (पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले.) अनंतराव चित्रे यांचे बळ नेमक्या क्षणी पुढाकार घेण्यात, ते आपण वर पाहिलेच. सुरेंद्रनाथ टिपणीस नगरपालिकेत अधिकारावर होते, त्यामुळे कागदपत्र, जागा, परवानगी या रूक्ष बाबी त्यांच्याकडे. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे चित्पावन ब्राह्मण. मनुस्मृती जाळण्याचा ठराव डिसेंबरमध्ये त्यांनी मांडला. चित्रे व टिपणीस कायस्थ होते. अशा नाना स्वभावांची आणि नाना जातींची माणसे एका नेत्याभोवती टिकून राहिली, याचे कारण शोधताना मला एक प्रसंग फार बोलका वाटला.

केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर हे ब्राह्मणेतर चळवळीतील नावाजलेले पुढारी. 'देशाचे दुश्मन' या जवळकरांच्या पुस्तकावरून त्यांच्यावर झालेल्या खटल्यात १९२६ मध्ये आंबेडकरांनीच त्यांची बाजू लढविली होती. म्हणजे संबंध सलोख्याचे. महाडच्या सत्याग्रहाला आपण पाठिंबा देऊ, मात्र त्यात ब्राह्मणांना स्थान असू नये, अशी अट त्यांनी घातली. मित्रांची गरज असलेल्या कोणत्याही पुढाऱ्याला हा सौदा आवडावा. शिवाय ज्यांच्यावर नुकताच हल्ला झाला आहे त्या अनुयायांनाही, शत्रू म्हणून एक जात नेमून दिली की, सोपे झाले असते. आंबेडकरांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नाही, ही त्यांची भूमिका. रागाचे लक्ष्य ठरविणे हेही भावनांचे नियमनच आहे, आणि माझ्या मते ते आवाज चढू न देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. राग चुकीच्या माणसावर वळविला तर टाळ्या लवकर मिळतात. निवडणुकीचे कोणतेही व्यासपीठ पाहावे!

आता डिसेंबरकडे येऊ. २५ डिसेंबर १९२७ रोजी परिषद सुरू झाली. हिंदू जमीनदार जागा देईनात, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मुंबईची मंडळी बोटीने दासगावला उतरून तेथून पायी महाडला आली. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार आहोत असे नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे जावयाचे आहे, असा त्यांचा आशय होता. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. म्हणजे मार्चमधील संयम हा काही मवाळ स्वभाव नव्हता हे सर्वांना दिसले. विषमतेला धर्माचा आधार देणारा ग्रंथ त्यांनी उघडपणे अग्नीत टाकला. माणसाला मात्र हात लावला नाही.

पण खरा पेच दुसऱ्याच बाजूने आला होता. परिषदेच्या दहा-अकरा दिवस आधी सनातन्यांनी दिवाणी दावा लावून, तळे खासगी असल्याचे सांगून, आंबेडकर व सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. मार्चमध्ये कायदा आंबेडकरांच्या बाजूला होता. आता तोच आडवा आला. ज्या बळावर नेत्याचा सर्वाधिक विश्वास, तेच बळ उलटते तेव्हा काय करावयाचे? परिषदेतील बहुतेक वक्ते सत्याग्रह कराच म्हणत होते, हजारो माणसे तुरुंगात जाण्यास तयार होती. कलेक्टरने स्वतः मंडपात येऊन न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत थांबण्याविषयी सांगितले. आंबेडकरांनी आधी लोकांना मनसोक्त बोलू दिले, त्यांची तयारी किती आहे ते जोखले, आणि नंतर सत्याग्रह तहकूब करण्याची बाजू स्वतः मांडली. सनातनी आणि सरकार या दोघांशी एकाच वेळी झुंजणे शहाणपणाचे नाही, हा त्यांचा युक्तिवाद. लोकांनी तो मानला. मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात न लावता परतली.

हा निर्णय योग्य होता काय? याविषयी आमच्या वर्गात चर्चा झाली तेव्हा मते अगदी विभागली. एका मैत्रिणीने जे विचारले ते मला विसरता येत नाही. ती म्हणाली, "मार ज्याला बसतो त्यालाच नेहमी शांत राहायला का सांगतात?" प्रश्न बिनतोड आहे. भावनांच्या नियमनावरची पुस्तके बहुधा वरिष्ठांनी कनिष्ठांसाठी लिहिलेली असतात. कारकुनाने साहेबावर रागावू नये हे त्यांत असते, पण साहेबाने कारकुनाला राग येईल असे का वागावे, हे क्वचितच. याला माझे उत्तर एवढेच की, शांत राहण्याचा आग्रह कोण धरतो यावर सारे अवलंबून आहे. कलेक्टरने सांगितलेले 'थांबा' आणि आंबेडकरांनी सांगितलेले 'थांबा' यांत शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. कलेक्टर गावाची शांतता राखू पाहत होता. आंबेडकर स्वतः त्या दाव्यात प्रतिवादी होते. खर्च, वेळ, नामुष्की यांचा वाटा त्यांच्या डोक्यावर होता, आणि पुढे दहा वर्षे ते तो दावा लढले.

तरीही एक बाब उरते आणि ती नेतृत्वाच्या पुस्तकांत मला कोठेही आढळली नाही. मार्चच्या त्या संध्याकाळी बंगल्यापाशी जी माणसे थांबली, त्यांना परत आपापल्या गावी जावयाचे होते. परिषदेला गेलेल्यांना मारा असे निरोप महाडहून गावोगाव आधीच पोहोचले होते. म्हणजे बंगल्यापाशी ज्यांनी मूठ आवळून धरली, त्यांतील काहींनी वाटेत वा गावात गेल्यावर मार खाल्ला. तिथे त्यांच्याबरोबर नेता नव्हता, वृत्तपत्र नव्हते, पोलिसही नव्हते. त्यांची नावे चरित्रग्रंथांत नाहीत. नेत्याचा संयम आपण अभ्यासाला घेतो. त्याची किंमत मात्र बऱ्याच अंशी अनुयायी भरतात. आंबेडकरांना याची जाणीव असावी, असे पुढील वर्षांकडे पाहता वाटते. कारण त्यांनी संयम हा कायमचा दागिना म्हणून मिरविला नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो रेंगाळत पाच-एक वर्षे चालला. देवळाचे दार काही उघडले नाही. तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले, आणि मंदिरप्रवेशाच्या लढ्यात शक्ती खर्च करणे बंद करावयास सांगितले. महाडला 'आज नको' म्हणणारा तोच माणूस येवल्याला 'आता पुरे' म्हणाला. त्यांचा स्वभाव आठ वर्षांत बदलला असे मला वाटत नाही. दुसऱ्या बाजूला पुरेशी संधी देऊन झाली, हा हिशेब बदलला होता.

चवदार तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. (१९२२ मध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींच्या राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच.) अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे ठरून अपील फेटाळले गेले. पहिल्या ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी होते. त्या मार्चमध्ये बंगल्यापाशी शब्दाची वाट पाहत उभ्या असलेल्यांपैकी जे पंचविशीचे होते ते आता पस्तिशीला आले होते, आणि कोर्टाच्या कागदात नाव नसले तरी त्या तळ्याचे पाणी आता त्यांना कोणी नाकारू शकत नव्हते.